आधी झडप, मग पोतं

सायरा : नाही करणार सही. शंभरदा विचारा, शंभरदा नाही!

सर : आवाज खाली. ही कॉम्प्युटरची खोली आहे, आठवड्याचा बाजार नाही.

सायरा : बाजारात तरी विचारतात हो, बाई, तुझं काय म्हणणं आहे म्हणून. इथं तेवढंसुद्धा नाही.

सर : तुझं म्हणणं सकाळपासून ऐकतोय मी. व्हरांड्यात ऐकवलंस, टीचर्स रूमच्या खिडकीतून ऐकवलंस, वर धोंडाबाईंकडून निरोप पाठवलास. ‘सरांना सांगा, घंटा अजून चालू हाय.’ काय अर्थ घ्यायचा मी त्याचा? शिपाईबाईंच्या तोंडून धमकी?

सायरा : धमकी नव्हती! खबर होती. आणि ती अजून चालू हाय.

सर : आहे. ‘हाय’ नाही.

सायरा : आहे! घंटा अजून चालू आहे! झालं शुद्ध? आता तरी ऐकाल?

सर : दहावीत आलीस, बोर्डाला बसणार, आणि शिक्षकांशी ही भाषा. येऊ देत तुझे वडील… या, या, अलाउद्दीनभाई. चपला बाहेर. आणि अंग जरा झटका, खांद्यावर भाताचा कोंडा आहे. या मशिनला धूळ चालत नाही.

अब्बा : झटकला, सर. गिरणीतनं हाय तसा उठून आलो. जीपवाला सांगून गेला, पोरीनं शाळंचं मशीन मोडलं म्हून. काय गं सायरा? मोडलंस?

सायरा : न्हाई, अब्बा.

अब्बा : मग रडतीयास कशाला?

सायरा : रडत न्हाई. राग आलाय. माझा राग डोळ्यांतनं येतो, त्याला मी काय करू?

सर : बसा, अलाउद्दीनभाई. मी सांगतो. सरकारनं आपल्या शाळेला हे मशीन दिलं. आज तीन वाजता शिक्षणाधिकारी साहेब ते बघायला येतायत. त्यांना दाखवायला मी दहावीच्या बासष्ट मुलांची यादी केलीय. चाळीस नावं टेपच्या कॅसेटवर साठवलेली होती, बावीस आज टाईप केली. आता सगळी मशिनच्या डोक्यात आहेत. मशीन बंद केलं की आजची बावीस गेली.

सायरा : कॅसेटवर उतरवून घ्या ना मग. तेही मी सांगू?

सर : टेपरेकॉर्डर स्वागतगीताच्या तालमीला नेला होता. तिथं त्यात फीत अडकली.

सायरा : म्हणजे स्वागत होणार, पण ज्याच्यासाठी स्वागत ते मशीन…

अब्बा : ए! मधी बोलू नको. सर, तुमी सांगा.

सर : बाराच्या पुढे कधीतरी यादीतलं बहिरूचं नाव गेलं. त्या जागी उमटलं ‘ठण दोन’. इंग्रजी अक्षरांत. मला वाटलं इंग्रजी शब्दच आहे, मशीन काही सांगतंय. नाव परत टाईप केलं. एक वाजता तुळजाचं नाव गेलं. ‘ठण तीन’. तेही परत लिहिलं. आणि मधल्या सुट्टीत कोण गेलं? वाल्मीक! वाल्मीक कोण, ठाऊक आहे ना?

अब्बा : शाळंच्या चेरमनचा नातू.

सर : चेअरमनच्या नातवाच्या नावावर ‘ठण’! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ठणठणगोपाळ! साहेब यायच्या दिवशी, शाळेच्या मशिनवर, ही मुलगी चेअरमनच्या नातवाला ठणठणगोपाळ म्हणते!

अब्बा : या अल्ला. सायरा!… अगं, हसतीयास काय?

सायरा : अब्बा, मला… थांबा… ठणठणगोपाळ! सर, तो आहेच तसा, पण मी नाही हो लिहिलं! ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नसतं. किती छान आहे ते!

सर : बघितलंत? हे असं चाललंय.

अब्बा : सायरा, गप! एक दणका दिन आता. माझ्या गिरणीत कुणी न इचारता हात घातला तर मी त्याला उभा ठिवीन का? दुसऱ्याच्या यंत्रात हात घालायचं तुला कुणी शिकवलं?

सायरा : दुसऱ्याच्या? अब्बा, वर्षभर ह्या मशिनपाशी कोण बसलं होतं? खोलीतली कोळ्याची जाळी मी काढली. खिडकीच्या फटी मी बुजवल्या. मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक, ते जाडजूड, मी डिक्शनरी घेऊन वाचलं. पानाला दोन दिवस लागायचे! सर दहा दिवस शिकायला गेले होते, त्यातले सहा दिवस तिकडं वीज नव्हती. हे त्यांनीच सांगितलंय वर्गात.

सर : ते मी विनोदानं सांगितलं होतं.

सायरा : आम्ही हसलो होतो, सर. पण सहा दिवस ते सहाच ना!

सर : अलाउद्दीनभाई, मूळ कारण सांगतो. आज दुसऱ्या तासाला मी हिला या खोलीतून काढलं. किल्ली घेतली. त्याचा हा सूड आहे.

अब्बा : काढलं? कशापायी?

सर : संस्थेचा निर्णय आहे. मुलीनं दार लावलेल्या खोलीत बसणं बरं दिसत नाही, असं काही पालकांचं म्हणणं पडलं.

अब्बा : कुठल्या पालकाचं?

सर : असं नाव घेऊन नाही सांगता येणार.

अब्बा : म्यां तर काय म्हणलं न्हाई. हिचा पालक मी हाय.

सायरा : आणि दार कशासाठी लावायचं? धुळीसाठी! ‘सायरा, दार लाव. सायरा, धूळ येतेय.’ वर्षभर हेच ऐकलं मी. तुम्हीच दार लावायला सांगायचं, आणि दार लावलं म्हणून मलाच बाहेर काढायचं. कुठला हिशेब हा?

सर : मी काढलेलं नाही. निर्णय वरून आला.

सायरा : ‘ऊठ’ कोण म्हणालं? वरून आवाज आला का? तुम्ही म्हणालात. सगळ्या वर्गासमोर. मी म्हटलं, सर, दोन मिनिटं द्या, मशिनमध्ये माझी घंटा चालू आहे, ती थांबवते. तुम्ही काय म्हणालात?

सर : मला आठवत नाही.

सायरा : मला आठवतंय. ‘तुझी घंटा-बिंटा आम्ही बघून घेऊ.’ बघितलीत?

अब्बा : घंटा कसली? मशिनात घंटा हाय?

सायरा : अब्बा, ऑफिसातलं घड्याळ दिवाळीपासून बंद हाय का न्हाई? धोंडामावशी तास कशावर द्यायची? सावलीवर! ढग आलं की गणिताचा तास संपायचाच न्हाई. मग मी एक खोटी घंटा केली. पितळेची न्हाई, लोखंडाची न्हाई, नुसती मनातली. मशिनच्या पोटात एक घड्याळ असतं. त्याला सांगितलं, दर चाळीस मिनिटांनी अमुक जागी जाऊन ‘ठण’ लिही. पहिल्यांदा ठण एक, मग ठण दोन, मग ठण तीन. पुढं पुढं सरकत लिहायचं. आन् त्या जागेवर डोळा ठेवून माझा प्रोग्राम बसायचा. ‘ठण’ दिसला की तो पी-पी करायचा. मावशी बाहेर ऐकायची आन् टांगलेल्या रुळावर टोला द्यायची.

अब्बा : म्हंजी ह्यो ‘ठण’ घंटेचा. पोराला नाव ठेवलेला न्हवं.

सायरा : घंटेचाच! सर, सांगा ना, महिनाभर तास वेळेवर होत होते का नाही?

सर : होत होते. मी कुठे नाही म्हणतोय. पण तुझा तो प्रोग्राम मी सकाळीच पुसून टाकला. पूर्ण पुसला. आवाज बंद झाला. त्यासाठी माझं मनगटावरचं घड्याळ आज धोंडाबाईंना द्यावं लागलं. घंटा नाहीच, तर ‘ठण’ लिहितंय कोण? तूच. जाता जाता काहीतरी पेरून गेलीस.

सायरा : तुम्ही बघणारा पुसला हो! लिहिणारा नाही पुसला! किती वेळा सांगू?

अब्बा : थांब. थांब जरा. वरडू नको, मला नीट सांग. गिरणीचं तोंड हाय म्हण. त्यातनं तांदूळ पडतुया. खाली पोतं हाय.

सायरा : व्हय. घड्याळ म्हंजी तोंड. चाळीस मिनिटांनी एक मूठ टाकतंय. माझा प्रोग्राम म्हंजी खाली पोतं धरून बसलेला गडी.

अब्बा : आन् सरांनी गडी उठवला.

सायरा : उठवला, पोतंबी उचललं. तोंड तसंच चालू! वरच्याला कुठं ठावं, खालचा गेला म्हून? आन् मशिनला वाटलं, जागा मोकळी झाली. सरांची यादी आली ती तिथंच येऊन बसली.

अब्बा : पोत्याच्या जागंवर.

सायरा : मग मूठ कशात पडंल, अब्बा?

अब्बा : यादीत.

सायरा : यादीत! पहिला ‘ठण’ माझ्या पोत्यात पडला, मी असताना. दुसरा बहिरूवर, तिसरा तुळजावर, चौथा वाल्मीकवर. मी कशाला पेरू? मी तर बाहेर व्हरांड्यात उभी होते, सगळ्या शाळेनं बघावं अशी!

अब्बा : झडप असंल की तोंडाला.

सायरा : हाय ना! एक ओळ हाय. ती लिहिली की घड्याळ गप बसतं, सगळं पहिल्या जागी येतं. ती आधी लिहायची. मगच प्रोग्राम पुसायचा.

अब्बा : आधी झडप, मग पोतं.

सर : अलाउद्दीनभाई, माफ करा, पण ही भाताची गिरणी नाही.

अब्बा : न्हाई, सर. गिरणीत एवढं नव्या गड्यालाबी पहिल्या दिशी सांगत्यात.

सायरा : आणि मी सांगितलं नव्हतं असं नाही! मी चिठ्ठी लावली होती. मशिनच्या कपाळावर, भाताची खळ लावून, चारी कोपरे चिकटवून. कुठं गेली ती?

सर : चिठ्ठी-बिठ्ठी मी काही पाहिली नाही.

सायरा : एवढ्या मोठ्या अक्षरांत होती!

सर : हे बघ, वाद पुरे. दोन वाजून गेलेत. तुझं म्हणणं असं, की दर चाळीस मिनिटांनी एक नाव जातं.

सायरा : व्हय. नाही… हो. आता दोन वीसला जाणार. मग तीनला. तीनला कोण असेल इथं? साहेब! त्यांच्या डोळ्यांसमोर एक नाव उडेल आणि ठण सहा येईल.

सर : ठीक. आपण तिघं इथे आहोत. तुझा हात मशिनपासून दहा फुटांवर आहे. तास होऊ दे. काही झालं नाही, तर तू मुकाट्यानं माफीनामा लिहायचास. कबूल?

सायरा : आणि झालं तर?

सर : होणार नाही.

(बाहेर लोखंडी रुळावर टोला पडतो.)

सर : झाला तास. बघ. अलाउद्दीनभाई, तुम्हीही बघा. बासष्ट नावं, जिथल्या तिथं. एक अक्षर हललेलं नाही.

अब्बा : सायरा?

सायरा : थांबा ना! तो टोला सरांच्या मनगटी घड्याळाचा होता. ते पुढं असतं.

सर : आता माझं घड्याळ चुकीचं!

सायरा : रोज असतं पुढं. रोज तुम्ही आमच्या आधी वर्गात येता आणि म्हणता, उशीर झाला.

सर : बस्स. पुष्कळ झालं. वर्षभर मी तुला शेफारू दिलं, ही माझी चूक. हा घे कागद. लिही. ‘मी, सायरा अलाउद्दीन, इयत्ता दहावी ब, रागाच्या भरात शाळेच्या संगणकात खोडसाळपणा केला. यापुढे मी संगणकाच्या खोलीत पाऊल ठेवणार नाही.’ खाली तुझी सही, त्याखाली वडिलांची. घे. धर पेन.

सायरा : अब्बा…

अब्बा : कागद घे हातात. घे म्हणतो ना. सही करायची का न्हाई ते मग बघू.

सायरा : हा तर पाठकोरा कागद आहे.

सर : एक बाजू कोरी असली की कागद मी फेकत नाही. माफीनाम्याला चालतो.

सायरा : कोपऱ्यांना कायतरी कडक लागतंय.

सर : काय?

सायरा : खळ! भाताची खळ लागलीया हिला! अब्बा, बघा. पलटून बघा. माझी चिठ्ठी हाय ही! माझं अक्षर! माझ्याच चिठ्ठीच्या पाठीवर मला माफी लिहायला लावतायत!

सर : दाखव इकडे.

सायरा : नाही देणार!

अब्बा : दे त्यांना. दे गं. सर, तुमीच वाचा. मला चष्म्याबिगर दिसत न्हाई. मोठ्यानं वाचा.

सर : अलाउद्दीनभाई, हे सकाळच्या गडबडीत…

अब्बा : वाचा, सर.

सर : ‘सूचना. घंटा काढायची असल्यास आधी खालची ओळ लिहून घड्याळ थांबवावे. मग प्रोग्राम पुसावा. उलटे करू नये. उलटे केल्यास…’

अब्बा : उलटं केल्यास काय?

सर : ‘…उलटे केल्यास नंतर त्या जागी जो येईल, त्याच्या डोक्यात घंटा वाजत राहील.’

सायरा : सर! सर, नाव! बघा!

सर : कुठे?

सायरा : खालून सहावं! गेलं! ठण पाच!

अब्बा : कुणाचं गेलं?

सायरा : माझं! अब्बा, माझं नाव गेलं. ‘सायरा’ होतं तिथं, आता ठण पाच आहे. काय सर? मी माझंच नाव खाल्लं होय? सूड घेतला मी, स्वतःवर? लिहा ना तेही माफीनाम्यात! ‘मी, ठण पाच, इयत्ता दहावी ब…’

सर : सायरा, पुरे.

सायरा : पुरे कसं? सकाळपासून अख्खी शाळा मला बघून कुजबुजतेय. तुळजासुद्धा माझ्या बाकावर बसली नाही! चिठ्ठी पाहिली नाही म्हणालात. तुम्हीच काढलीत ना ती?

सर : काढली. साहेब येणार होते. मशिनवर चिकटवलेलं चिठोरं दिसलं, काढलं, कागदांच्या गठ्ठ्यात टाकलं. वाचली नव्हती. खरंच नव्हती. अक्षर तुझं आहे एवढं बघितलं, आणि…

सायरा : आणि अक्षर बघून वाचायचं सोडून दिलंत.

सर : हो.

अब्बा : ह्ये मात्र खरं बोलला.

सर : आता वेळ दवडू नका. अडीच वाजायला आलेत. सायरा, तू खुर्चीवर बस, ते थांबव. मी गेलेलं नाव परत लिहितो. साहेब खूश होऊन जातील. आणि… अलाउद्दीनभाई, तुम्ही समजून घ्या. मघाशी सुट्टीत चेअरमन इथे येऊन गेले. वाल्मीकच्या नावाजागी ते ‘ठण’ त्यांनी पाहिलंय. त्यांना काहीतरी सांगावं लागेल. पोरीनं खोडी केली, माफी मागितली, एवढ्यावर ते शांत होतील. मी केलं म्हटलं तर मशीन माझ्याकडून काढून घेतील. तिला कोण काय करणार? लहान आहे. चार दिवसांत विसरतील. एका नावावर विषय मिटतो.

सायरा : मिटतो? कुणाचा? अब्बा, हे मला…

अब्बा : सायरा, तू थांब. सर, आता मी बोलतो. एका नावावर मिटतं, असं म्हणला तुमी.

सर : व्यवहार म्हणून म्हटलं.

अब्बा : मीबी व्यवहार म्हूनच म्हणलं व्हतं. अकरा वर्सं झाली. माझ्या गिरणीत भिकू व्हता. तोंडापाशी बसायचा. एक दिस माझं त्याचं वाजलं. कशावरनं? तर गिरण चालू असताना बिडी वढतो म्हून. म्यां त्याला धरला कॉलरला, उठवला, बाहीर काढला. ‘पुना पायरी चढू नको’ म्हणलं. त्यो दारात उभा राहून सांगत व्हता, मालक, झडप, झडप. मला वाटलं शिव्या देतुया. वरनं एका गिऱ्हाइकाचा, कुशाबाचा, जाडा लाल तांदूळ अजून यायचा व्हता. म्यां जागा मोकळी बघितली आन् नथूचं आंबेमोहराचं पोतं तितं सरकवलं. त्याच्या लेकीच्या लग्नाचा तांदूळ व्हता त्यो. अर्धं पोतं लाल झालं, सर. ध्यानात येईस्तवर.

सायरा : अब्बा, ते तर भिकूचाचानं मुद्दाम मिसळलं व्हतं ना? घरात असंच सांगत्यात.

अब्बा : घरात म्यां सांगितलं. गावातबी म्यांच सांगितलं. नथू दारात आला, तापलेला. एक नाव घ्यायचं व्हतं. भिकूचं घेतलं. मिटलं. माझं मिटलं. त्याला खोऱ्यात एकाबी गिरणीनं उभा केला न्हाई. आता उरवड्याला कारखान्यात खोकी उचलतुया. गावात, कोळवणला येतो तवा माझ्या गिरणीवरनं मान खाली घालून जातुया. चूक माझी आन् मान त्याची खाली! आन् तुमी मला सांगता, चार दिसांत इसरतील?

सर : अलाउद्दीनभाई, आवाज…

अब्बा : आता माझा आवाज वरच राहणार! पोरीला काढलंत, मला इचारलं न्हाई. तिला इचारलं न्हाई, बाई, तुझं काय काय चालू हाय. तिनं कागद लावला, त्यो वाचला न्हाई. आन् कोंडा पडला तवा नाव तिचं! ह्या कागदावर माझी सही व्हणार न्हाई. तिचीबी न्हाई. मशीन बंद पडू द्या, साहेब येऊ द्या, न्हाईतर अजून कुणी येऊ द्या!

सर : मग मी काय करू, ते तरी सांगा.

अब्बा : ते हिला इचारा. झडप कुटं हाय, ते हिलाच ठावं.

सर : सायरा.

सायरा : काय?

सर : बस खुर्चीवर.

सायरा : असं नाही. सकाळी सगळ्यांसमोर ‘ऊठ’ म्हणालात.

सर : दार उघड मग. आणि मोठ्यानं म्हणतो. सायरा, मशिनवर बस. ऐकू आलं ना बाहेर?

सायरा : आलं. धोंडामावशीनं पदर तोंडाला लावला. हसतेय… सरा बाजूला. हे बघा, सर. बघा, माझ्यावर डोळे काढू नका, पडद्यावर बघा. ही ती ओळ. ही लिहिली. झालं. घड्याळ थांबलं. आता त्याला कुठंच काही लिहायचं नाही. सकाळी हे आधी केलं असतंत आणि मग पुसलं असतंत, तर एक अक्षर गेलं नसतं. पाच सेकंदांचं काम!

सर : एवढंच?

सायरा : एवढंच! एवढ्यासाठी दिवसभर तमाशा. आता माझं नाव लिहा. नाही, थांबा, मीच लिहिते. एस, ए, वाय… हं. आले मी परत.

सर : तीनला पुन्हा नाही ना जाणार?

सायरा : गेलं तर सही करीन. दोन करीन.

सर : बरं. किल्लीचं मी चेअरमनसाहेबांशी बोलेन.

सायरा : बोलू नका. लिहून द्या.

सर : कशावर लिहू आता? गठ्ठा ऑफिसात राहिला.

सायरा : हा कागद आहे की. माझ्या चिठ्ठीची मागची बाजू अजून कोरीच आहे.

सर : … सांग.

सायरा : तुम्हीच लिहा, सर. शुद्ध लिहाल.

सर : ‘घंटेचा प्रोग्राम मी पुसला. त्याआधी घड्याळ थांबवले नाही. सूचना लावलेली होती, ती मी वाचली नाही. त्यामुळे यादीतील नावे गेली. यात सायरा अलाउद्दीन हिचा दोष नाही.’

सायरा : आणि किल्ली.

सर : ‘किल्ली तिच्याकडे राहावी.’ आणि दाराचं काय करायचं?

सायरा : उघडं ठेवायचं.

सर : धूळ येईल.

सायरा : येऊ दे की. पुसू. फक्त मुलीच पुसणार नाहीत, वाल्मीकसुद्धा पुसेल. लिहा.

सर : हे नाही लिहीत. हे तोंडानं सांगतो… अलाउद्दीनभाई, तुम्ही निघालात? चहा तरी घ्या.

अब्बा : नगं, सर. तुमचं पावणं येतील. सायरा, तू तीनचा टोला पडूस्तवर थांब हितं. मी फाटकापाशी उभा हाय.

* * *

सायरा : अब्बा! अब्बा, झालं! टोला झाला, मग मी मनात दोन मिनिटं मोजली, एकबी नाव हललं न्हाई! साहेब म्हणाले, यादी कुणी केली? सर म्हणाले, मी केली आन् हिनं वाचवली. असंच म्हणाले, सगळ्यांम्होरं! चेरमनचं तोंड बघायला पायजे व्हतं… अब्बा, ऐकताय ना? अवो, ह्या गाडीत कुठं चढताय? ही कोळवणची न्हाई. ही पुण्याकडची येष्टी हाय.

अब्बा : ठावं हाय. चढ. उरवड्याला उतरायचंय.

सायरा : गिरण तशीच टाकून आलाय तुमी.

अब्बा : झडप लावून आलोय. सरक खिडकीकडं.

सायरा : भिकूचाचाकडं जायचंय? अकरा वर्सांनी? दारात उभं तरी करतील का? काय सांगणार त्यांना?

अब्बा : सांगीन, पोतं म्यां सरकवलं व्हतं.